आवाजाचा डबा

आई गोधडीच्या आत होती. माडीवरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून तिने त्यांच्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या टाकल्या होत्या, आणि त्या तंबूत ती माइक, कागद आणि एक बॅटरी घेऊन बसली होती. बाहेर एप्रिलचं ऊन होतं. इचलकरंजीत एप्रिलच्या दुपारी माणसं गोधडीकडे बघतसुद्धा नाहीत.

तंबूतून फोनवरचा एक आवाज येत होता. पुण्याचा, स्वच्छ, हसरा.

"मावशी, छान झालं. फक्त मागे काहीतरी धडधडतंय."

"ते माग आहेत, जुईबाळ. शेजारच्या होगाड्यांचे."

"थांबत नाहीत का ते?"

"थांबले तर गाव जेवायचं कसं?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. मला आई प्रणोती म्हणायची, घाईत असली तर प्रणू. बाळ ती कुणालाच म्हणत नाही, असं माझं तोवरचं निरीक्षण होतं.

जुईने मग सुचवलं की माडीवर एक साउंड बूथ करून घ्या. माणूस बसेल एवढी, चारी बाजूंनी बंद आणि आतून मऊ अशी खोलीतली खोली. तिच्या पुण्याच्या जागेत होती तशी.

"तो डबा होय? त्यात मला फार बरं वाटलं होतं," आई म्हणाली. "तू म्हणशील तसं करू."

मी तांब्या उंबऱ्यावरच ठेवून खाली आले. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एमएस्सी झाले होते. माझा प्रकल्पच नळ्यांमधल्या ध्वनिलहरींवर होता. पीएचडीच्या प्रवेशाची वाट बघत मी घरी बसले होते. आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी आवाजाबद्दल एक प्रश्न पडला होता, आणि तो फोन करून पुण्याला विचारला जात होता.

आई त्याच वर्षी निवृत्त झाली होती. नोकरीची सगळी वर्षं ती एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसली आणि कर्ण्यावरून गाड्या पुकारत राहिली. सरळ, मोजका, एका पट्टीतला आवाज. कोल्हापूरची गाडी असो की पंचमुखी मारुतीसमोर हरवलेलं पोर, पट्टी तीच. घरीही ती तशीच बोलायची. जेवण तयार आहे, हात धुऊन घ्यावेत. अभ्यास झाला असल्यास दिवा बंद करावा. अप्पा म्हणायचे, "फलाट कुठला, तेवढं सांग म्हणजे झालं." मला त्यात काही उणं वाटलं नव्हतं. कुणाची आई उंच असते, कुणाची बुटकी. माझी पुकारणारी होती.

हिवाळ्यात पुण्याला माझ्या मावसभावाचं लग्न झालं. माझी परीक्षा असल्यामुळे मी गेले नाही. लग्नघरात मुलं झोपेनात म्हणून आईने त्यांना एका कोल्हिणीची गोष्ट सांगितली, स्वतःच रचलेली, आणि नवरीच्या मैत्रिणीने ती दाराआडून ऐकली. ती मैत्रीण म्हणजे जुई दातार. लहान मुलांनी मोबाइलवर ऐकायच्या गोष्टी तयार करायच्या, हे तिचं काम. दुसऱ्या दिवशी ती आईला आपल्या जागेत घेऊन गेली आणि तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. आई परत आली ती माइक घेऊन. आता त्या कोल्हिणीच्या गोष्टींची एक मालिकाच व्हायची होती. आवाज आईचा घ्यायचा की पुण्यातल्या एका नटीचा, ते ठरायचं होतं. ते ठरण्याआधी घरी नीट ध्वनिमुद्रित केलेली एक गोष्ट मेअखेर पाठवायची होती.

आईला एखादी गोष्ट इतकी हवी असलेली मी कधी पाहिली नव्हती. गुडघे दुखत असून ती जिना घाईने चढायची. भाजी चिरता चिरता तिचे ओठ हलायचे. मी स्वयंपाकघरात आले की थांबायचे.

त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, डबा करायचा की नाही ते मोजून ठरवूया, कुणाच्या मतावर नको.

"डब्यात बसून बोलायचं आणि त्याचे पैसे मिळणार?" अप्पा म्हणाले. "आम्ही सायझिंगला सुताला खळ देत जन्मभर उघड्यावर ओरडलो, कुणी विचारलं नाही."

मी कॉलेजातल्या सरांकडून आवाज मोजायचं यंत्र मागून आणलं आणि पुढचे काही दिवस ती खोली मोजली. माग चालू असताना, बंद असताना, खिडकी लावून, उघडून, भिंतीला चिकटून, मधोमध. ते काम मी मन लावून केलं, आणि ते चोख झालं होतं असं मी आजही म्हणेन. निष्कर्ष साधा होता. मागांचा ठोका हवेतून येत नव्हता. तो आमच्या सामाईक भिंतीतून आणि जमिनीतून येत होता. लाकडी डबा उभा राहणार त्याच जमिनीवर. ठोका त्याच्या पायातून वर चढणार आणि डबा ढोलकीसारखा घुमणार. उलट कामगारांची पाळी बदलताना माग थांबत, तेव्हा आणि आठवड्याच्या सुट्टीला खोली आपोआपच पुरेशी शांत असे. तेवढ्या वेळात काम उरकायचं. बाकी राहिला मोकळ्या भिंतींचा घुमारा, त्याला गोधड्या पुष्कळ झाल्या.

आई गच्चीवर सांडगे घालत होती. मी तिथेच तिला सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे डबा नको?" तिने विचारलं.

"त्याचा काही उपयोग नाही."

"काहीच नाही?"

"आई, हे भौतिकशास्त्र आहे. जुईचं मत नाही."

तिने पिठाचा हात थोडा वेळ तसाच अधांतरी धरला. मग म्हणाली, "असू दे मग," आणि पुढचा सांडगा घातला.

जुईला मीच फोन केला. तिने विचारलं, आपण कोण. मी म्हटलं, मुलगी.

"अय्या, मावशींना मुलगी आहे?" ती म्हणाली. "त्या कधी बोलल्या नाहीत."

तिच्या सुरात खोडी नव्हती, हे मला तेव्हाही कळलं होतं, आणि त्याने काही फरक पडला नाही. जवळजवळ रोज त्या दोघी बोलत होत्या. जुईच्या मांजराला काय झालं, तिचं घरमालकाशी का बिनसलं, ती सकाळी काय खाते, हे सगळं मला आईकडून कळत होतं. आणि त्या सगळ्या बोलण्यात मी एकदाही आले नव्हते. मी जुईला भिंतीतून जाणाऱ्या आवाजावर गरजेपेक्षा बरंच मोठं व्याख्यान दिलं, इंग्रजी शब्द घालून. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "तुम्ही म्हणता तसं करून बघूया." आपण जिंकलो, असं मला वाटलं.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही ध्वनिमुद्रण केलं. तंबू मी मोडला. भिंतींना गोधड्या टांगल्या, आईला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि स्वतः हातभर अंतरावर लॅपटॉप घेऊन बसले, कानाला हेडफोन लावून. होगाड्यांकडे सामसूम होती. आईने पदर सारखा केला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली.

पडद्यावर तिच्या आवाजाची रेघ उमटत होती, स्वच्छ, मागे काही नाही. मी मधूनमधून तिला थांबवत होते. श जरा टोकदार येतोय. माइकपासून वीतभर मागे सर. हे वाक्य पुन्हा. ती न कुरकुरता पुन्हा म्हणायची. दमली तेव्हा मी तिला पाणी दिलं. खाली उतरताना तिने विचारलं, "बरं झालं का गं?"

"एकदम स्वच्छ," मी म्हटलं. ते खरंच होतं.

जुईचं उत्तर दोन दिवसांनी आलं. फोन आईच्या हातात होता, मी शेजारी तांदूळ निवडत होते, आणि आईने, काय मनात आलं कुणास ठाऊक, स्पीकर लावला.

"मावशी, आवाज काचेसारखा आलाय. मागे टाचणीसुद्धा नाही. ज्यांनी केलं त्यांना सांगा."

"हो, सांगते."

"पण तुम्ही कुठे आहात त्यात?"

आईने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"रागावू नका. मला आपलं वाटलं, सांगलीची गाडी लागलीय."

आई हसली, आणि मला तिचं ते हसणं सहन झालं नाही. मी असं काही म्हटलं असतं तर तिने आठवडाभर मौन धरलं असतं. जुईने सांगितलं की असं पुढे पाठवलं तर तिच्या वरचे लोक त्या नटीलाच घेतील. अजून वेळ आहे, पुन्हा करा. पुण्यात केलं होतं ते पुन्हा एकदा ऐका, म्हणजे आठवेल. ते ती पाठवते.

ते तिने पाठवलं ते लॅपटॉपवर, म्हणजे माझ्याकडे. आई दळण आणायला गेली होती. मी हेडफोन लावले. खरं तर मला त्यातल्या चुका शोधायच्या होत्या.

गोष्ट अशी होती. उसाच्या हंगामात एक कोल्हीण गुऱ्हाळावर चोरून जाते आणि तिची शेपटी गुळाच्या काहिलीत बुडते. कशीबशी सुटून ती बिळात येते, तर पिल्लं विचारतात, आई, तुझी शेपटी गोड कशी? चोरी केली असं पोरांना कसं सांगायचं? ती थापा मारायला लागते. म्हणते, मी चंद्रावर बसले होते, तो आज पिकला होता. पिल्लं शेपटी चाटतात, प्रश्न विचारतात, पुन्हा चाटतात, आणि तिची थाप वाढत वाढत इतकी मोठी होते की तिलाच ती खरी वाटायला लागते.

तो आवाज मी ओळखला नाही. मी मुद्दाम थांबवून फाईलचं नाव पाहिलं. आवाज लाडात येत होता, लटका रागवत होता, थाप मारताना अडखळून सावरत होता. सगळ्यात धाकट्या पिल्लाला झोप येते तेव्हा कोल्हीण त्याला "ये रे माझ्या गुळाच्या खड्या" म्हणते, तिथे तो आवाज इतका जवळ आला की मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. लग्नघरातली, कुणाची कोण ती मुलं. त्यांनी तो अंथरुणात पडून, समोरासमोर ऐकला होता. जुईने काचेपलीकडून ऐकला होता. मी बावीस वर्षं याच बाईच्या कुशीला झोपत आले होते, आणि मला मिळालं होतं ते "दिवा बंद करावा."

आई दळणाचा डबा घेऊन आली. मी तिला तो खाली ठेवूही दिला नाही.

"हे मला कधी का सांगितलं नाहीस?"

तिने लॅपटॉपकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. तिने पंख्याखाली बसून घाम पुसला. आधी म्हणाली, तेव्हा वेळ कुठे होता, डबल ड्यूटी असायची. मी म्हटलं, आता आहे. परवा मी समोर बसले होते, माग बंद होते, खोलीत घुमारा नव्हता, माइक तोच, गोष्ट तीच. मग एकच गोष्ट बदलली होती, आणि ती मी होते. जुई चालते, मी चालत नाही.

"तुला राग आलाय," आई म्हणाली.

"मला कारण पाहिजे."

"जुई माझी कोण?" ती म्हणाली. "कुणी नाही. उद्या तिचा नंबर गेला तर तिला तोंडही दाखवायला नको. म्हणून जमतं. तू ऐकत असलीस की मी तुझी आई असते, प्रणू. आई पोरांसमोर खोटं बोलत नाही, चोरी करत नाही, कुणाला शेपटी चाटू देत नाही. मी तोंड उघडलं की आधी तुझ्याकडे बघते, शोभतंय का म्हणून."

"मी तुला कधी काही म्हटलंय?"

"तू कशाला म्हणशील? तू काही केलं नाहीस. तू असतेस, एवढंच."

दाराशी कुणीतरी दुधाचं मापटं आपटलं. आई उठली, दळणाचा डबा उचलून फळीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाली, "आवाज आत येऊ नये म्हणून मला डबा नको होता. माझा बाहेर जाऊ नये म्हणून हवा होता. पण तू इतकं मोजलं होतंस, मग म्हटलं असू दे."

मी इतकं मोजलं होतं हे खरंच होतं. फक्त प्रत्येक वेळी खोलीत कुणी बोलत नसताना मोजलं होतं. बाहेरून आत काय येतं याचे आकडे माझ्याकडे होते. आतून बाहेर काय जातं हे मोजायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि कुठलीही भिंत दोन्ही बाजूंनी भिंत असते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलं होतं.

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोलले. बोलायला निघाले की मला तो गुळाचा खडा आठवायचा. तिसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन लाकडाच्या वखारीत गेले.

डबा मीच आखला. दुहेरी फळ्या, मध्ये ठासून भरलेला जुन्या गाद्यांचा कापूस, खाली रबर, दाराला चारी बाजूंनी पट्टी, आणि मान वळवली तर बाहेरचं दिसावं म्हणून वहीएवढी दुहेरी काच. फोन करून मी जुईला तिच्या डब्याचं दार कसं बसवलंय ते विचारलं. तिने मापं घेऊन कळवली, वर म्हणाली की बिजागरी तिचीही पहिल्यांदा चुकली होती. मला ती तरीही आवडली नाही. अप्पांनी रंधा मारला, खिळे ठोकले आणि मधूनमधून विचारत राहिले, "हिला आत कोंडायची, की आपल्याला बाहेर?" आईने फक्त एक मागणी केली, की जीव गुदमरू नये. म्हणून मागच्या बाजूला, जमिनीलगत, मी हवेसाठी एक झरोका ठेवला.

डबा उभा राहिला त्या दिवशी मागांना सुट्टी होती. चाचणी करायची तर आत एकाने बोलायचं आणि बाहेर एकाने ऐकायचं. अप्पा खाली झोपले होते. आई आत गेली, दिवा लावला आणि दार ओढून घेतलं. मी यंत्र घेऊन डब्याभोवती फिरले. दाराशी काही नाही. काचेशी काही नाही. बाजूंना काही नाही. मग मागे जाऊन वाकले.

झरोक्यातून आवाज येत होता. बारीक, पण शब्द न् शब्द. नळीतून लहरी कशा जातात यावर मी वर्षभर काम केलं होतं, आणि स्वतःच्या हाताने एक सरळसोट नळी आईच्या पायाशी बसवली होती. आत आई घसा साफ करत होती. मग ती स्वतःशीच म्हणाली, "हं, चला बाई," आणि तो "चला बाई"च वेगळा होता.

मी उठून पुढे आले. तिने काचेतून पाहिलं, कानाला हात लावला आणि भुवया उडवल्या. येतं का ऐकू?

मी मान हलवली. नाही.

ती हसली. तिने तोंड फिरवलं, कागद डोळ्यांसमोर धरला. मी मागे गेले, यंत्र बंद करून खिडकीत ठेवलं आणि फरशीवर झरोक्याशी कान लावून आडवी झाले. गोष्ट गुऱ्हाळाची नव्हती, नवीन होती. त्यात कोल्हीण एका पिल्लाला शाळेत घालते आणि ते पिल्लू घरी येऊन तिच्या चुका काढायला लागतं. कोल्हीण त्याच्यावर रुसते. ते पिल्लूही रुसतं. मग ती त्याला कशी मनवते, किती खोटं बोलते, काय काय नावांनी हाका मारते, ते सगळं मी ऐकलं. मध्येच एकदा मला हसू आलं आणि मी तोंडात ओढणी कोंबली. गोष्ट संपेपर्यंत मी तिथून उठले नाही.

आई बाहेर आली ती घामाने निथळत, आणि तिने विचारलं, "काही आलं का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगला झालाय डबा."

तिने त्याच दिवशी ती गोष्ट जुईला पाठवली.

दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेली असताना मी झरोक्यावर आतून एक लाकडी पेटी बसवली. तिच्यात आडव्या पट्ट्या घालून वाट वळणावळणाची केली आणि प्रत्येक वळणाला घोंगडीचा तुकडा चिकटवला. हवेला वळणं चालतात. आवाज एकेका वळणाला थोडाथोडा मागे राहतो, आणि शेवटी बाहेर पडायला काही उरत नाही. मग पाळी बदलताना माग थांबले तेव्हा आत रेडिओ लावून ठेवला, दार लावलं आणि बाहेर फरशीवर पडून ऐकलं. खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, दुसरं काही नाही.

मालिका आईलाच मिळाली. पुढे मी पुण्याला शिकायला गेले, आई अजून त्याच डब्यात बसते. आत काय चालतं ते मला माहीत नाही.